मॅनेजरला नारळ मिळाला, आता काय करायचं? नागपुरातल्या फुटबॉलवेड्यांसाठी

28 ऑक्टोबर 2024, सोमवार, वसुबारस. आई किचनमध्ये चकल्या तळून राहिली होती, मी समोरच्या खोलीत मोबाइल घेऊन पडलो होतो, आणि संध्याकाळच्या सुमारास बातमी आली की मँचेस्टर युनायटेडने आपला मॅनेजर एरिक टेन हागला काढलं. मी जोरात ओरडलो, "गेला रे गेला!" आई झारा हातात घेऊनच बाहेर आली, तेलाचे थेंब पार फरशीवर, "अरे देवा, कोण गेलं रे?" मी म्हटलं काही नाही गं, आमचा कोच गेला. तिने दोन सेकंद माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "म्हातारा होता का?"

मग समजावून सांगितलं की मेला नाही, नोकरीवरून काढला. तर तिचा पुढचा प्रश्न, "मग त्याच्या पगाराचं काय?" खरं सांगतो राजेहो, त्या रात्री आमच्या ग्रुपवर तीन-चारशे मेसेज पडले असतील, पण इतका मुद्द्याचा प्रश्न एकाही पोट्ट्याने विचारला नाही. सगळे एकतर नाचून राहिले होते नाहीतर रडून राहिले होते.

मी युनायटेडवाला आहे. आमचा जुना दिग्गज मॅनेजर फर्ग्युसन (फर्गी) 2013 मध्ये गेला तेव्हापासून आमच्या क्लबच्या बाकावर किती जण बसून उठले ते मोजायला, इंटरिम म्हणजे तात्पुरते धरून, दोन्ही हातांची बोटं लागतात, त्यामुळे या विषयात माझा अनुभव दांडगा आहे असं म्हणायला हरकत नाही (अभिमानाची गोष्ट नाही ही, पण आहे ते आहे). तुमचा क्लब चेल्सी असो, रियल असो की मोहन बगान, मॅनेजर बदलला की तेच तेच गोंधळ होतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी बातमी पक्की करा

मॅच हरल्यावर पहिल्या तासाभरात "सॅक झाला" (काढला) म्हणून जे फिरतं त्यातलं बहुतेक बोगस असतं. निळी टिक पाहून भुलू नका, ती आता पैसे देऊन मिळते. नावाचं स्पेलिंग पाहा, अकाउंटखाली बारीक अक्षरात पॅरडी लिहिलंय का ते पाहा. ट्रान्सफरच्या बातम्या देणारा पत्रकार फाब्रिझिओ रोमानो, त्याचं "हिअर वी गो" आलं की बातमी बरीचशी पक्की समजायची, पण शेवटचा शब्द क्लबच्या वेबसाइटचा.

आणि घड्याळाचं गणित लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. तिथे ऑफिस उघडतं, मीटिंग होते, माणसाला आत बोलावून सांगतात, मग स्टेटमेंट निघतं. म्हणजे रविवारी रात्री हरलेल्या क्लबची बातमी आपल्याकडे सोमवारी जेवण झाल्यावर ते चहाच्या वेळेपर्यंत येते. टेन हागचंही तसंच झालं, रविवारी वेस्ट हॅमकडे इंज्युरी टाइमच्या पेनल्टीवर 2-1 हरले, आम्ही टेबलात चौदावे, आणि सोमवारी संध्याकाळी आईच्या चकल्या. तेव्हा रविवारी रात्री दोन वाजेपर्यंत रिफ्रेश करत बसू नका, झोपा, सकाळी ऑफिस आहे.

सीझन संपतानाची काढाकाढी वेगळी असते. ती मे च्या शेवटी, म्हणजे आपल्याकडे नवतपा चालू असताना. व्हॅन गालने 2016 मध्ये एफए कप जिंकला शनिवारी आणि सोमवारी त्याला घरी पाठवलं. बाहेर 46 डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि त्यात ही बातमी.

पहिले चोवीस तास हात खिशात

हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. बातमी आली की बोटं शिवशिवतात, काहीतरी ठाम लिहावंसं वाटते, "आता बघा लीग कशी येते" किंवा "क्लब संपला". लिहू नका. ग्रुपमध्ये एक तरी असा असतोच ज्याच्या फोनमध्ये लोकांच्या स्क्रीनशॉटचा वेगळा फोल्डर आहे.

माझंच सांगतो. मार्च 2019, पॅरिसमधली पीएसजीची मॅच. पहिल्या लेगला घरी 2-0 हरलो होतो, तिथे जाऊन 3-1 जिंकलो, रॅशफर्डने इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी मारली. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजत आले होते. आमचा तात्पुरता मॅनेजर तेव्हा ओले सोल्शायर होता. मी अंधारात बिछान्यावर उभा राहून ग्रुपवर लिहिलं, "ओलेला आजच्या आज परमनंट करा, कॉन्ट्रॅक्ट घेऊन मी स्वतः जातो मँचेस्टरले." क्लबने माझं ऐकलं असं नाही, पण 28 मार्चला त्याला खरंच परमनंट केलं. आणि मग त्या सीझनच्या शेवटच्या दिवशी आधीच रेलिगेट झालेला (खालच्या लीगमध्ये ढकलला गेलेला) कार्डिफ ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन आम्हाला 2-0 हरवून गेला, आम्ही सहावे. तो स्क्रीनशॉट आजही दर वेळी येतो, माझ्या वाढदिवसालाही आला होता, केकच्या फोटोखाली.

चोवीस तासांत काय चालते मग? गेलेल्या माणसाला दोन शब्द थँक्यू म्हणा, एखादा जोक टाका, बस. त्याच्या बायकोपोरांच्या अकाउंटवर जाऊन घाण लिहिणारे जे असतात ना, त्यांना ग्रुपमधून सरळ काढा. यावर चर्चा नको.

क्लबचं स्टेटमेंट वाचायला शिका

चार ओळींचं असतं पण त्यात सगळं असतं. "परस्पर संमतीने वेगळे होत आहोत" असं लिहिलं की समजायचं पैशावर तडजोड झाली. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं उरलं असेल आणि क्लबने मध्येच काढलं तर भरपाई द्यावी लागते, ती किती हे आधीच कलम टाकून ठरलेलं असते किंवा बसून ठरवतात. ते ऐकून आई म्हणाली, "म्हणजे काढलं तरी पैसे? मग रडून कोण राहिलं?" टेन हागचं तर आणखी भारी, मे मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप आणला म्हणून जुलैमध्ये कॉन्ट्रॅक्ट 2026 पर्यंत वाढवून दिलं, आणि ऑक्टोबरमध्ये नारळ. हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात.

उलट बाजूही असते. दुसऱ्या क्लबमध्ये नोकरीत असलेला माणूस उचलायचा तर त्या क्लबला पैसे मोजावे लागतात. टेन हागनंतर आणलेल्या रुबेन अमोरीमसाठी युनायटेडने लिस्बनच्या स्पोर्टिंगला साधारण 1 कोटी 10 लाख युरो दिले. चेल्सीने 2022 मध्ये पॉटरसाठी ब्राइटनला 2 कोटी पौंडांच्या वर दिले आणि सात महिन्यांत त्यालाही काढलं. तेव्हा ग्रुपवर "अमक्याला आणा, तमक्याला आणा" करायच्या आधी तो अमका सध्या मोकळा आहे का एवढं तरी पाहा.

"केअरटेकर" आणि "इंटरिम" यातही फरक आहे, जरी लोक एकच समजतात. केअरटेकर म्हणजे बहुतेक वेळा घरातलाच माणूस, दोन-चार मॅच सांभाळ भाऊ, तोवर आम्ही शोधतो. इंटरिम म्हणजे ठरवून सीझनच्या शेवटापर्यंत आणलेला, जसा 2021 मध्ये रांगनिक. आणि पद "मॅनेजर" आहे की "हेड कोच" तेही पाहा. क्लॉप लिव्हरपूलचा मॅनेजर होता, स्लॉट हेड कोच म्हणून आला. टेन हाग मॅनेजर होता, अमोरीम हेड कोच. हेड कोच म्हणजे टीम घडवायची, खेळवायची, पण कोणता प्लेयर विकत घ्यायचा यात शेवटचा शब्द वरच्या स्पोर्टिंग डायरेक्टरचा. उद्या ट्रान्सफर फसला की शिव्या कोणाला द्यायच्या हे त्या एका शब्दावरून ठरते, म्हणून सांगतो.

काऊन काढलं, आणि नंतरचं जिंकणं खरं आहे का

इथे जरा थांबा, कारण सगळी मजा इथेच आहे.

नव्याचे नऊ दिवस ही म्हण फुटबॉलवाल्यांसाठीच बनली असावी. कोच बदलला की टीम दोन-चार मॅच जिंकते आणि सगळे म्हणतात बघा, प्रॉब्लेम तोच होता. टेन हाग गेल्यावर त्याचा असिस्टंट रुड व्हॅन निस्टलरॉयने चार मॅच सांभाळल्या, तीन जिंकल्या एक ड्रॉ, आणि आमच्या ग्रुपवर लगेच सुरू, "रुडलाच ठेवा." आता त्या चार मॅच काढून पाहा. लेस्टर, चेल्सी, पीएओके, परत लेस्टर. चारही ओल्ड ट्रॅफर्डवर. त्यात दोनदा लेस्टर! पुढे गंमत अशी की नोव्हेंबरच्या शेवटी त्याच लेस्टरने त्याला आपला मॅनेजर केलं, दोनदा मार खाऊन इंप्रेस झाले असतील बिचारे, आणि सीझन संपायच्या आत लेस्टर रेलिगेट.

म्हणून पहिलं काम, फिक्स्चर लिस्ट म्हणजे मॅचचं वेळापत्रक उघडा. काढायच्या आधीच्या सहा मॅच कोणाशी होत्या, कुठे होत्या. नंतरच्या सहा कोणाशी, कुठे. एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण करते कोण.

मला ही अक्कल मँचेस्टरवरून नाही आली, मनीषनगरच्या टर्फवरून आली. आमची रविवारची टीम आहे, सेव्हन-अ-साइड. तिला एक सर होते, रेल्वेतून रिटायर झालेले, जवानीत मोतीबागच्या ग्राउंडवर खेळलेले, पैसे घेत नव्हते, फक्त टायमावर या एवढंच म्हणायचे. एका सीझनला आम्ही लागोपाठ चार मॅच हरलो. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं पडलं की सर जुन्या काळातले आहेत, त्यांना प्रेसिंग वगैरे कळत नाही. मीही हो म्हटलं. आणि आम्ही सरांना व्हॉट्सअपवर मेसेज करून सांगितलं, समोर जाऊन सांगायची कोणाची हिंमत नव्हती. त्यांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, बाकी काही नाही.

पुढच्या तीनही मॅच जिंकलो. तर्री पोह्याच्या ठेल्यावर आम्ही असे बोलून राहिलो होतो जसं काही बार्सिलोना आम्हीच चालवतो. मग परत दोन हरलो, आणि तेव्हा मी जरा डोकं लावून वेळापत्रक काढलं. हरलेल्या चार मॅच टेबलातल्या वरच्या चार टीमसोबत होत्या, त्यात आमचा गोलकीपर दोन मॅच लग्नाच्या वऱ्हाडात चंद्रपूरला. जिंकलेल्या तीन मॅच तळाच्या टीमसोबत, त्यातल्या एकीचे तर पाचच जण आले होते. सर असते तरी त्या तीन आम्ही जिंकलोच असतो, आणि सर नसते तरी त्या चार हरलोच असतो.

मोठ्या फुटबॉलमध्येही असंच दिसते. नेदरलँड्सच्या लीगच्या 1986 ते 2004 च्या आकड्यांवर एका अर्थतज्ज्ञाने काम केलं आहे. ज्या टीमने वाईट काळात कोच काढला त्या नंतर सावरल्या हे खरं, पण ज्यांचा तसाच वाईट काळ आला आणि ज्यांनी कोच काढला नाही, त्याही जवळपास तेवढ्याच सावरल्या. खड्ड्याच्या तळाशी असताना माणूस बदलला की नंतरची चढण त्याच्या नावावर लागते, एवढंच.

मग कोच काढणं नेहमी चूकच का? नाही बावा. चेल्सीने जानेवारी 2021 मध्ये लॅम्पर्डला काढून टुखेलला आणलं आणि मे मध्ये चॅम्पियन्स लीग उचलली, त्यात मधल्या काळात गोल खाणंच बंद झाल्यासारखं होतं, ते काही फिक्स्चरच्या नशिबाने झालं नाही. फरक ओळखायला एक्सजी पाहायला शिका. एक्सजी म्हणजे तयार झालेल्या चान्सची किंमत. पेनल्टी असली की साधारण 0.76 ते 0.79, म्हणजे शंभरातल्या पंच्याहत्तरच्या वर जातात, आणि तीस यार्डावरून उगाच हाणलेल्या शॉटची किंमत चिल्लर. टीम हरून राहिली पण एक्सजी समोरच्यापेक्षा जास्त असेल तर कोचचं नशीब खराब आहे. टीम जिंकून राहिली पण एक्सजी दर वेळी कमी असेल, तर गोलकीपरला नमस्कार करा आणि पुढचे वाईट दिवस गृहीत धरा. एका मॅचचं पाहून काही कळत नाही, दहा-बारा मॅचचं पाहा.

नवीन माणसाचा अभ्यास

यूट्यूबवरचे दहा मिनिटांचे "टॅक्टिकल मास्टरक्लास" व्हिडिओ पाहू नका, म्हणजे पाहा पण त्यावर भरवसा ठेवू नका, त्यात फक्त जमलेले मूव्ह असतात. त्याच्या जुन्या टीमच्या दोन अख्ख्या मॅच शोधून पाहा, एक जिंकलेली आणि एक हरलेली. हरलेली जास्त महत्त्वाची. मागे पडल्यावर तो काय करते, कोणाला उतरवते, फॉर्मेशन बदलते की तेच रेटते, हे तिथेच दिसते.

बघताना बॉलच्या मागे डोळे पळवू नका. गोलकिकच्या वेळी सेंटर बॅक कुठे उभे आहेत ते पाहा. बॉल हरवल्यावर पहिल्या पाच सेकंदांत टीम पुढे धावते की मागे ते पाहा. फुलबॅक लाइनीजवळ राहते की आत मिडफिल्डमध्ये घुसते ते पाहा. एवढ्या तीन गोष्टी कळल्या तरी ठेल्यावर तुमचं वजन वाढते.

मग त्याची पद्धत आपल्या प्लेयरवर बसवून पाहा. अमोरीम 3-4-3 घेऊन आला, म्हणजे मागे तीनच डिफेंडर, आणि आमच्याकडे त्याला लागणारे विंगबॅक (लाइनीवर वर-खाली धावणारे) नव्हतेच. पहिल्या मॅचला इप्सविचविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला रॅशफर्डने गोल मारला, मी म्हटलं चला, सुटलो एकदाचे. 1-1 संपली, आणि तो सीझन आम्ही पंधरावे. त्याच 3-4-3 चं दुसरं टोक पाहायचं तर कॉन्टे. सप्टेंबर 2016, चेल्सी आर्सेनलकडे 3-0 हरत होती तेव्हा त्याच मॅचमध्ये त्याने मागे तीन केले, आणि पुढच्या लीग मॅचपासून सलग 13 जिंकून लीगच घेऊन गेला. त्यात विंगबॅकला कोण? व्हिक्टर मोझेस, ज्याला तीन सीझन या क्लबमधून त्या क्लबमध्ये लोनवर (उसना) फिरवलं होतं. म्हणजे आकडे तेच, 3-4-3, पण माणसं कोण आहेत यावर सगळं आहे.

आणि मागचा काय ठेवून गेला तेही मोजा. स्लॉटने पहिल्याच सीझनमध्ये लिव्हरपूलला लीग जिंकून दिली, एप्रिल 2025 मध्ये टॉटनहॅमला 5-1 मारून. त्या सीझनसाठी विकत घेतलेला मोठा माणूस एकटा किएझा, तोही जास्त वेळ बेंचवर. टीम क्लॉपने बांधलेली होती. स्लॉटचं श्रेय कमी होत नाही, ग्राव्हनबर्खला त्याने डिफेन्सच्या पुढे उभं केलं आणि पोरगा पार बदलून गेला, पण शेजारच्याच्या भरल्या घरात राहायला जाणं वेगळं आणि आमच्यासारख्या पडक्या वाड्यात येणं वेगळं.

किती वेळ द्यायचा

यावर ठेल्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि दोन्हीकडचे लोक तीच तीच उदाहरणं फेकतात. एक जण म्हणणार फर्गीलाही वेळ दिला होता, 1986 ला आला, पहिली ट्रॉफी 1990 ला. दुसरा म्हणणार आर्टेटा दोनदा आठवा आला होता. तिसरा म्हणणार ग्वार्डिओलाला सिटीत पहिल्या सीझनला एकही ट्रॉफी नव्हती आणि दुसऱ्यात 100 पॉइंट. सगळं खरं आहे. पण वेळ देऊनही ज्यांचं काहीच झालं नाही त्यांची नावं कोणाला आठवतात? मॉयेसला सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊन आणलं होतं, दहा महिन्यांत काढलं, आणि आणखी दोन वर्षं दिली असती तर तो फर्गी झाला असता असं मला तरी वाटत नाही.

उलट टोकही आहे. रानिएरीने 2016 मध्ये लेस्टरला लीग जिंकून दिली, फेब्रुवारी 2017 मध्ये बाहेर. डी मॅटिओने मे 2012 मध्ये चेल्सीला पहिली चॅम्पियन्स लीग दिली, नोव्हेंबरमध्ये बाहेर. आणि मे 2025 ची युरोपा लीग फायनल तर माझ्या छातीवर कोरलेली आहे, टॉटनहॅमने आम्हाला 1-0 हरवलं, सतरा वर्षांनी त्यांना ट्रॉफी मिळाली, आणि सोळा दिवसांनी त्यांनी जिंकवून देणाऱ्या पोस्टेकोग्लूला काढलं, कारण लीगमध्ये ते सतरावे होते. हरलेल्याचा कोच मात्र तेव्हा नोकरीवर राहिला.

मी माझ्यापुरतं असं करतो. नवीन कोच आला की वहीत तारीख टाकतो आणि पुढे लिहितो, मला काय दिसायला पाहिजे. "लीग जिंकायला पाहिजे" असं नाही, त्याला काही अर्थ नाही. असं लिहायचं: कॉर्नरवर गोल खाणं कमी झालं पाहिजे, अॅकॅडमीच्या एकाला तरी नियमित संधी मिळाली पाहिजे, 70 मिनिटांनंतर टीम बसून जाते ते थांबलं पाहिजे. मग पंधरा लीग मॅच झाल्यावर उघडून पाहायचं. तोपर्यंत मत विचारलं तर "पाहून राहिलो" म्हणायचं. लोक वैतागतात, पण स्क्रीनशॉट घेण्यासारखं काही सापडत नाही त्यांना.

जर्सी, फँटसी आणि बाकी भानगडी

नवीन कोच आल्याआल्या पाठीवर प्लेयरचं नाव छापून घेऊ नका. मी सीताबर्डीवर एकाचं नाव-नंबर छापून घेतलं, नवीन साहेबांना तो पसंत नाही पडला, जानेवारीत लोनवर गेला. आता ती जर्सी गाडी पुसायला आहे. कोऱ्या पाठीची घ्या.

फँटसीमध्ये (स्वतःची टीम निवडून पॉइंट मिळवायचा ऑनलाइन खेळ) पहिले तीन गेमवीक त्या क्लबचा कोणी घेऊ नका, लाइनअप कोणालाच माहीत नसते, कोचलाही नाही.

दुसऱ्या क्लबवाले चिडवायला येतील तेव्हा वाद घालू नका, आधी स्वतःच हसून घ्या म्हणजे त्यांचा दम जातो. फक्त सिटीवाल्यांना एवढं विचारा की 2008 च्या, म्हणजे अबुधाबीवाल्यांनी क्लब विकत घ्यायच्या, आधीचे तुमचे पाच प्लेयर सांगा. आणि घरातल्या मोठ्यांसमोर "कोच गेला" म्हणू नका, "काढला" म्हणा.

हो, आणि हे सगळं फक्त गोऱ्यांच्या लीगपुरतं नाही. आयएसएलची (इंडियन सुपर लीग) 2024 ची फायनल आठवा. मुंबई सिटीचा डेस बकिंगहॅम नोव्हेंबर 2023 मध्ये ऑक्सफर्डला निघून गेला, पेट्र क्रॅटकी आला. मोहन बगानने जानेवारीत फेरांडोला काढून हबासला परत आणलं. दोघांनी सीझनच्या मध्येच कोच बदललेले, आणि शेवटी हेच दोघं समोरासमोर: शील्ड (लीग टेबलात पहिलं येण्याची ट्रॉफी) बगानने नेली, फायनल मुंबईने 3-1 जिंकली. एकाचा कोच स्वतः गेला, दुसऱ्याने काढला, निकाल जवळपास सारखाच. यावर आमच्या ठेल्यावर एक अख्खी रविवार सकाळ गेली होती, पोहेवाल्याने शेवटी तर्री संपली म्हणून उठवलं.

पहिल्या मॅचची रात्र

शनिवारची तीनची मॅच आपल्याकडे हिवाळ्यात साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला. चॅम्पियन्स लीग असली तर रात्रीचा दीड किंवा साडेबारा. जेवून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वही घ्या. टीव्हीवाले दर दोन मिनिटांनी नवीन कोचचा चेहरा दाखवतील, त्याच्या कोटाकडे आणि हातवाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, त्यातून काही कळत नाही. पहिली पंधरा मिनिटं फक्त कोण कुठे उभं आहे तेवढं लिहा. पहिली सब (बदली प्लेयर) किती मिनिटाला आणि का, ते लिहा.

मागच्या वेळी मी नवीन कोचची पहिली मॅच सरांकडे जाऊन पाहिली. टर्फच्या त्या प्रकरणानंतर वर्षभर मी त्यांच्या गल्लीतून जात नव्हतो, मग एक दिवस गेलो, सॉरी म्हटलं, त्यांनी "बस ना" म्हटलं. त्यांच्या घरी मॅच आवाज बंद करून पाहतात. हाफटाइमला त्यांनी थर्मासमधून चहा ओतला आणि माझी वही मागून घेतली, चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचली, आणि म्हणाले, "लेफ्ट बॅक तू चुकीचा लिहिला आहे. तो बारा मिनिटांपासून आत खेळून राहिला." मग पेन माझ्याकडे सरकवलं.